पुढचा डिफरन्शियल

गाडी एक पूर्ण वर्तुळ फिरून जागेवर येते, तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा किती जास्त धावावे लागते, हे शाळेतल्या भूमितीने काढता येते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक बदलत नाही. तो दोन चाकांमधल्या अंतराच्या सुमारे सव्वासहा पट असतो. माझ्या पिकअप ट्रकच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक मीटर साठ सेंटिमीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणजे दर फेरीला बाहेरचे चाक आतल्यापेक्षा दहा मीटर जास्त चालते. बैलगाडीपुढे ही अडचण कधी उभी राहिली नाही, कारण तिची आस स्थिर असते, दोन्ही चाके तिच्यावर आपापल्या गतीने फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. चाके इंजिनाने फिरवायची ठरली तेव्हा मात्र एकाच शाफ्टमधून आलेली शक्ती दोन चाकांना द्यायची आणि तरीही त्या दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक ठेवायची, असा पेच पडला. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तो सोडवला, आणि पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तीच कल्पना तीनचाकी सायकलीत आणली. आजच्या गाडीत हे काम करणारी दातांच्या चाकांची पेटी म्हणजे डिफरन्शियल, आणि तो मुळात त्याच कल्पनेवर चालतो. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

मी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर शहराच्या पश्चिमेला राहतो. इथे डिसेंबर ते मार्च रस्त्यांवर बर्फ असतो, तो वितळावा म्हणून टाकलेले मीठ असते, आणि आमच्या घराकडे येणारा चढ असा आहे की बर्फ पडल्यावर चारही चाकांना शक्ती दिल्याशिवाय गाडी वर येत नाही. ट्रक जपानी बनावटीचा आणि २००६ सालचा आहे. एरवी तो मागच्या दोन चाकांवर चालतो; फोर-व्हीलमध्ये टाकला की ट्रान्सफर केसमधून, म्हणजे इंजिनाची शक्ती पुढे आणि मागे वाटणाऱ्या पेटीतून, एक प्रोपेलर शाफ्ट (लांब फिरता दांडा) पुढे जातो आणि पुढच्या डिफरन्शियलला फिरवतो. त्यातून डावीकडे आणि उजवीकडे एकेक ॲक्सल शाफ्ट निघून चाकांपर्यंत पोचतो. हा सगळा जथा इंजिनाच्या खाली, रस्त्यापासून वीतदीड वीत उंचीवर, लोखंडी पत्र्याआड लपलेला असतो. गाडीच्या मालकाला तो सहसा दिसतच नाही. त्याची ओळख होते ती आवाजाने.

गेल्या हिवाळ्यात फोर-व्हीलमध्ये चाळीस ते साठ किलोमीटरच्या वेगाला पुढून एक खरखरीत घरघर येऊ लागली. टू-व्हीलमध्ये मात्र पूर्ण शांतता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निम्मे निदान होते, कारण या प्रकारच्या गाडीत टू-व्हील असताना उजव्या बाजूचा शाफ्ट एका छोट्या विजेच्या मोटरीने डिफरन्शियलपासून सोडवलेला असतो. तरीही पुढची चाके रस्त्यावर फिरतच असतात आणि आपापले ॲक्सल शाफ्ट फिरवत असतात. डावा शाफ्ट आतले एक दाताचे चाक फिरवतो, ते मधल्या लहान चाकांना फिरवते, आणि ती समोरच्या, म्हणजे उजवीकडच्या, मोकळ्या सुटलेल्या दाताच्या चाकाला उलट दिशेने फिरवून मोकळी होतात. या सगळ्या गडबडीत मोठे क्राऊन व्हील आणि त्याला चालवणारे पिनियन मात्र जागचे हलत नाहीत. म्हणजे जो आवाज फक्त फोर-व्हीलमध्ये येतो आणि टू-व्हीलमध्ये अजिबात येत नाही, त्याचा उगम चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा ॲक्सलच्या सांध्यात असण्याची शक्यता फार कमी. तो बहुधा पिनियन, क्राऊन किंवा त्यांच्या बेअरिंगांचा असतो. एकही बोल्ट न सोडता, नुसते कान आणि गाडीची रचना यांच्या बळावर इतके आत शिरता येते, आणि मला या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पाने फिरवणे त्याच्या नंतर येते.

माझे मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अनेक वर्षे जीप आणि ट्रकच्या हाऊसिंगची, म्हणजे डिफरन्शियलच्या पेट्यांची, कामे करत होते. आता त्यांनी हातातले काम सोडले आहे, पण कान सोडलेला नाही. मी वेगवेगळ्या वेगांना आवाज मुद्रित करून त्यांना पाठवला आणि मग फोन केला.

“ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतोय आणि पाय काढल्यावर जरा पालटतोय,” मामा म्हणाले. “वळताना काही वेगळं होतं का?”

“नाही मामा, वळताना तसाच असतो.”

“मग पिनियनचं बेअरिंग आहे ते. दात नाहीत गेलेले अजून. दात गेले की आवाज सुरात येतो, हुंकारल्यासारखा. ही नुसती खरखर आहे.”

मी विचारले, उघडून बेअरिंगच बदलावे का. त्यांनी सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या मापकाबद्दल आणि बेअरिंग दाबून बसवण्याच्या यंत्राबद्दल उलट विचारले, “डायल गेज आहे का तुझ्याकडं? प्रेस आहे? मग नको. अख्खा उतरव आणि अख्खा चढव.”

हा सल्ला वरवर ऐकणाऱ्याला आळसाचा वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सांगायला हवे. क्राऊन आणि पिनियन यांची जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जमवलेली असते. पिनियन क्राऊनच्या पोटात किती खोल बसते, ते शतांश मिलिमीटरांच्या हिशोबाने, शिमा, म्हणजे पातळ चकत्या, घालून किंवा काढून ठरवावे लागते. दोघांच्या दातांमध्ये थोडी मोकळी जागाही ठेवावी लागते, आणि अशा गाड्यांत ती साधारणपणे ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर असते. त्याहून कमी ठेवली तर तेलाचा थर दातांमध्ये टिकत नाही. जास्त ठेवली तर दर वेळी दात दातावर आपटतात. पिनियनची बेअरिंगे किती दाबाने आवळायची, हेही मोजून ठरते. हे सगळे जमले की नाही ते पाहायला दातांना रंग लावून फिरवतात आणि रंग कुठे पुसला जातो ते बघतात. मामांच्या काळी त्यासाठी शेंदूर तेलात कालवून लावत. ठसा दाताच्या मध्यावर आला तर काम झाले, टोकाला किंवा बुडाला सरकला तर पुन्हा सगळे उकलून शिम बदलायची. ही वेगळी विद्या आहे, तिला वेगळी अवजारे लागतात आणि वर्षांची सवय लागते. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, जमिनीवर पडून करण्याचे काम म्हणजे बंद पेटी बंदच ठेवून एक काढणे आणि दुसरी बसवणे. घरच्या दुरुस्तीची हद्द कुठे संपते हे ओळखणे हा त्या दुरुस्तीचाच भाग आहे असे मी मानतो, आणि ती हद्द ओलांडली नाही म्हणून काम उणे ठरत नाही.

दुसरी पेटी मिळाली जुन्या गाड्या मोडणाऱ्या एका वाड्यावर. इथे अशा वाड्यांचे माल-हिशोब व्यवस्थित असतात. कोणत्या गाडीतून काढला, ती गाडी किती धावली होती, हे त्या भागावरच रंगाच्या पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते, ती म्हणजे दातांचे गुणोत्तर. माझ्या ट्रकमध्ये क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ११, म्हणजे ३.७३. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनाच्या किंवा दुसऱ्या गिअरबॉक्सच्या गाडीत हे गुणोत्तर वेगळे असू शकते, बाहेरून पेटी हुबेहूब तशीच दिसते आणि बोल्टही बरोबर बसतात. मागच्या आणि पुढच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर वेगळे असेल तर टू-व्हीलमध्ये काहीच कळत नाही, पण फोर-व्हील टाकताक्षणी पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात, आणि त्या भांडणात शेवटी ट्रान्सफर केस मोडते. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर या गुणोत्तराचा संकेत छापलेला असतो. तो माझ्या गाडीचा आणि मोडलेल्या गाडीचा ताडून पाहिल्यावरच मी पैसे दिले.

कंपनीची दुरुस्ती-पुस्तिकाही हाताशी होती. ठरावीक शुल्क भरले की ती मोजक्या काळासाठी संगणकावर उघडता येते, आणि तिच्यात प्रत्येक बोल्ट किती बळाने आवळायचा ते लिहिलेले असते. ही सोय आपसूक झालेली नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी, गाडीच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही उपलब्ध करून दिली पाहिजे, या बाजूने मत दिले. २०२० साली गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठी पुन्हा तसाच कौल दिला. मी राहतो त्या राज्याबद्दल ज्या गोष्टींचा मला मनापासून अभिमान वाटतो, त्यांत ही एक आहे. ज्याने वस्तू विकत घेतली त्याला ती उघडता यावी, आणि उघडल्यावर काय करायचे ते कळावे, हा साधा हक्क आहे, आणि तो मागावा लागतो. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्याचा उपयोग जितका होईल तितका हवाच आहे.

काम मे महिन्यात काढले. ड्राइव्हवे डांबरी असला तर उन्हाने मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा घातला. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, गाडी जॅकने उचलून चेसिसखाली स्टँड दिले आणि मग सगळा जोर लावून ती हलवून पाहिली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे इतके वेळा सांगितले जाते की ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. तरीही मी ते इथे पुन्हा लिहितो, कारण दोन टन लोखंड छातीच्या वर वीतभर अंतरावर असताना जॅकच्या तेलाच्या एका जुन्या सीलवर जीव टांगून ठेवण्याचे काहीही कारण नसते.

पहिला बोल्ट सोडायचा तो तेल भरण्याच्या भोकाचा. तेल काढण्याचा नंतर. क्रम उलटा झाला, आधी तेल सांडून टाकले आणि मग भरणीचा बोल्ट गंजून जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते. बदलायच्या पेटीला हे लागू नाही असे वाटेल, पण सवय मोडू नये. तेल बाहेर आले ते असायला हवे त्यापेक्षा कमी होते आणि राखाडी झाले होते, बोटांवर घेऊन उन्हात धरले तर चंदेरी चकाकत होते. पिनियनच्या सीलमधून ते हळूहळू झिरपत गेले असणार. हाऊसिंगच्या तोंडाशी धूळ आणि तेलाचा काळा थर साचला होता. गिअरच्या तेलाला एक उग्र गंधकी वास असतो, तो हातांना दिवसभर सोडत नाही. त्या वासालाही इतिहास आहे. १९२६ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने, रॉचेस्टर शहरातल्या ग्लीसन कारखान्याने विकसित केलेले हायपॉइड दाते आपल्या मोटारींत वापरायला सुरुवात केली. त्यांत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यावर न ठेवता खाली सरकवलेला होता, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली गेला आणि गाडीची बैठकही खाली आणता आली. पण अशा रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतात. साधे तेल त्या दाबाखाली फाटते. म्हणून गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळलेले तेल आले, जे गरम झालेल्या पोलादाच्या पृष्ठभागावर स्वतःचा एक संरक्षक थर तयार करते.

पुढचे काम म्हणजे गंजाशी झुंज. या भागातल्या गाड्यांचे बोल्ट मिठाने खाल्लेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, तरी खालच्या पत्र्याचे बोल्ट कुरकुरत निघाले. चाकाच्या मध्यावरची मोठी नट ३५ मिलिमीटरची. ती २३५ न्यूटन-मीटरने आवळलेली असते आणि वर्षानुवर्षे तशीच बसलेली असते, म्हणून तिच्या पान्याला लांब पाइप लावावा लागतो. माझी पत्नी गाडीत बसून ब्रेक दाबून धरत होती, म्हणजे चाक फिरू नये. नंतर ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने वर बांधला, कारण त्याला त्याच्याच रबरी नळीवर लोंबकळत ठेवले तर नळी आतून फाटू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. स्टिअरिंगचा सांधा आणि खालचा बॉल जॉइंट सोडवला की चाकाचा सगळा भाग बाहेर झुकतो आणि ॲक्सल शाफ्ट हबमधून मागे ओढता येतो. त्याचे आतले टोक डिफरन्शियलमध्ये एका छोट्या तारेच्या कडीने अडकलेले असते. पहारीने एक नेमका हिसका दिला की ते सुटते, आणि तो हिसका शाफ्टच्या आतल्या सांध्याच्या लोखंडी कवचावर द्यायचा, सांध्यावरच्या रबरी बुटावर कधीच नाही.

प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी त्याच्या आणि डिफरन्शियलच्या फ्लॅंजवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली. आता डिफरन्शियल बदलणार असल्यामुळे त्या रेघेचा अर्धाच उपयोग होता, पण ट्रान्सफर केसच्या बाजूची जागा तरी चुकत नाही. मग मोटरीची वायर, हवा जाण्याची नळी, आणि शेवटी रबरी बुशांमधून गेलेले जाडजूड बोल्ट. या वेळी शेजारी मदतीला आले होते. ते आयुष्यभर यंत्रशाळेत काम करून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि फार बोलत नाहीत. पेटी गिअरबॉक्सच्या जॅकवर पट्ट्याने बांधली होती. तिचे वजन एका बाजूला झुकलेले असते, कारण दातांचा जड गोळा डाव्या अंगाला आणि उजवीकडे नुसती लांब नळी. त्यामुळे ती सरळ खाली येत नाही. उजवे टोक आधी वर करून, डावीकडे सरकवून, मग नाक खाली करून तिला क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) आणि स्टिअरिंगच्या रॅकमधून वळवून काढावी लागते. शेजाऱ्यांनी एका हाताने नळी धरली आणि दुसऱ्या हाताने मला फक्त दिशा दाखवली. शिकलेला हात काय असतो ते त्या चार-पाच हालचालींत दिसले. पेटी कुठेही न घासता जमिनीवर आली.

बसवण्याचे काम काढण्याच्या मानाने शांत होते. नवीन आणलेल्या जुन्या पेटीचे तिन्ही सील जमिनीवरच बदलले. पेटी वर चढल्यावर त्यांच्यापर्यंत हात पोचणे कठीण असते, आणि किरकोळ किमतीच्या वस्तूसाठी एवढा डोंगर पुन्हा उचलायला लागू नये. सीलच्या ओठाला ग्रीस लावले, ॲक्सलच्या टोकाच्या कड्या नव्या घातल्या, तेलाच्या बोल्टांचे वॉशर नवे घातले. बोल्ट आधी सगळे हाताने दोन-दोन आटे लावून घ्यायचे आणि मगच पाना लावायचा. बुशांचे बोल्ट पेटी पूर्ण जागेवर बसल्याशिवाय आवळायचे नाहीत, नाही तर रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर तडकते. शेवटी जीएल-५ दर्जाचे, म्हणजे वर सांगितलेल्या गंधकी प्रकारचे, तेल पंपाने भरले, भरणीच्या भोकातून ते बाहेर ओघळेपर्यंत. दीड लिटरच्या आसपास बसले.

चाचणी डांबरी रस्त्यावर घेता येत नाही. अशा गाडीत मध्यभागी डिफरन्शियल नसतो, पुढचा आणि मागचा शाफ्ट फोर-व्हीलमध्ये एकमेकांना जखडलेले असतात, आणि कोरड्या रस्त्यावर वळताना चाकांना घसरायला वाव मिळाला नाही तर सगळा ताण दातांवर येतो. म्हणून गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर गेलो, फोर-व्हील टाकले आणि ज्या वेगांना घरघर येत होती त्या वेगांना गाडी चालवली. खडीचा आवाज येत होता, टायरांचा येत होता. पुढून दुसरे काही येत नव्हते. परत आल्यावर खाली शिरून तिन्ही सील कोरडे आहेत ना ते पाहिले आणि काढलेले तेल बंद डब्यात भरून तेल विकणाऱ्या दुकानात जमा केले.

ट्रकमधून काढलेली खराब पेटी मात्र मी वाड्यावर दिली नाही. गॅरेजमधल्या टेबलावर ती दोन भागांत उघडली, रॉकेलने धुतली आणि पिनियन बाहेर काढून घेतले. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर खडबडीत झाले होते आणि त्याच्या कपावर ओळीने खड्डे पडले होते. क्राऊनचे दात पाहिले तर ते शाबूत, आणि चकाकणारा पट्टा दाताच्या बरोबर मध्यावर. बारा हजार किलोमीटर दूर बसून, फोनमधून आलेला आवाज ऐकून मामांनी जे सांगितले होते तेच समोर होते. छायाचित्रे पाठवल्यावर त्यांनी निदानाविषयी एक शब्द काढला नाही. क्राऊनवर आणि पिनियनवर एकच जोडीचा आकडा कोरलेला आहे का, एवढेच विचारले. तो होता.

“मग टाकू नकोस,” ते म्हणाले. “तेल लावून ठेव. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडं आलो की बसवू.”

त्यांनी यादीही दिली: दोन्ही पिनियन बेअरिंगे, नवी क्रश स्लीव्ह (पिनियनची बेअरिंगे आवळताना चेपणारी नळी), शिमांचा संच, सील आणि डायल गेज. शेंदराऐवजी इथे दात रंगवायची पिवळी पेस्ट मिळते. ती चालेल, असे त्यांनी कळवले आहे.